शिपायांची बराक, कांद्याची बराख

जुन्नर-आंबेगावकडे मे महिना संपत आला की जो तो एकच विचारतो, "बराख भरली का?" उन्हाळी कांदा काढायचा, पात कापायची, चार दिवस सावलीत सुकवायचा आणि बराखीत टाकायचा. मग भाव येईपर्यंत तो तिथेच. कधी ऑगस्टपर्यंत, कधी पार दिवाळीपर्यंत. आमच्या मामांची बराख घराच्या मागच्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडावर आहे. साठेक फूट लांब आणि जमिनीपासून दीड-दोन हात उचललेली. तळाला फटी ठेवून टाकलेले बांबू, बाजूंना कामट्यांचा कूड, वर मंगलोरी कौलं. छपराच्या पाख्या इतक्या खाली ओढलेल्या की आडवा पाऊसही आत शिरत नाही. लहानपणी आम्ही तिच्या खालच्या पोकळीत लपायचो आणि वरून कांद्याची कोरडी पत्ती डोक्यावर झडत राहायची.

मामा दर आठवड्याला एक काम न चुकता करायचे. बाही वर सारून हात कांद्याच्या ढिगात खांद्यापर्यंत घालायचे आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच थांबायचे. आत ऊब लागली की समजायचं, कुठेतरी पाणी सुटलंय. मग तो खण रिकामा करून सगळं घर निवडायला बसायचं. काजळी धरलेला कांदा एकीकडे, कोंब आलेला दुसरीकडे, नरम पडलेला थेट उकिरड्यावर. "वारं कोंडलं का कांदा गेला," मामा म्हणायचे, "बराखीला भिंत असून नसल्यासारखी पायजे."

हा बराख शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून घर करून आहे. नाशिककडे लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात याच बांधकामाला कांदाचाळ म्हणतात. चाळ आणि बराख हे दोन्ही शब्द मुळात माणसांच्या वस्तीचे. एका ओळीत खोल्या, वर एक सलग छप्पर, समोर पडवी. नाशिककरांनी कांद्याला चाळकरी केलं, पुणे जिल्ह्याने त्याला पलटणीत भरती केलं. आमच्या भागाला बराक परकी नव्हती. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, तिथेच सॅपर्सची पलटण, पुढे देहूरोड, शिवाय पुण्याचा कॅम्प. घाटाखालची-वरची कितीतरी माणसं या ठिकाणी कामाला नाहीतर भरतीला गेली. तिथे पाहिलेल्या लांबलचक, कौलारू, हवेशीर इमारतीचं नाव त्यांनी गावी आणलं, तोंडातल्या तोंडात 'क'चा 'ख' झाला आणि शेतातल्या लांबलचक, कौलारू, हवेशीर इमारतीला ते चिकटलं. माझ्या मते या शब्दाचा प्रवास याच वाटेने झाला.

पण त्याच्या आधीची वाट आणखी लांबची आहे. इंग्रजीने हा शब्द सतराव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांकडे तो स्पेनच्या बाजूने आला. तिथे बार्राका म्हणजे झोपडी. व्हॅलेन्सियाच्या भाजीमळ्यांत आणि भातखाचरांत शेतकरी ज्या घरात राहायचा त्याला आजही बार्राका म्हणतात. बोरू आणि मातीच्या भिंती, वर उभ्या उताराचं गवती छप्पर. म्हणजे मूळ बराक शेतकऱ्याचीच होती. सैनिकांनी ती तळावरच्या आडोशासाठी उचलली, राज्यकर्त्यांनी तिला विटा-चुन्यात बांधून काढलं, आणि तीन-चारशे वर्षं फौजेत काढून ती जुन्नरच्या बांधावर पुन्हा शेतकऱ्याकडे आली.

आपल्याकडे बराकीच्या आधी काय होतं? मराठी फौजांना कायमची पक्की वसतिस्थानं नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन, आठ महिने मुलूखगिरी आणि पावसाळ्याला छावणी, असा शिवकाळापासूनचा शिरस्ता. छावणी हा शब्द छावणे या क्रियापदाचा, म्हणजे वर आच्छादन घालणे, शाकारणे. एरवी राहुट्या-डेऱ्यांत राहणारं लष्कर पावसाळ्यापुरतं एका जागी गवता-पानांची छपरं घालून बसायचं. पुढे शिंदे-होळकरांच्या फौजा वर्षानुवर्षं उत्तरेत राहिल्या, तरी पावसाळी मुक्कामाची ही रीत टिकली. छपरं पाऊस संपला की मोडायची, पुढच्या वर्षी दुसरीकडे घालायची. या शब्दाचंही पुढे तेच झालं जे बराकीचं झालं. आज बीड-नगर-सोलापूरकडे छावणी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात दुष्काळात दावणीला बांधलेली जनावरं. लष्कराने टाकलेले शब्द आपल्या शेतकऱ्याने असे एकेक करून कामाला लावले आहेत.

इंग्रजांनी १८१७-१८ नंतर पुण्यात, खडकीत आणि इतरत्र कायमचे तळ उभारले, आणि तिथे एक भेद अगदी जमिनीवर आखला गेला. गोऱ्या सोल्जरासाठी बराक, हिंदी शिपायासाठी लाईन. बराक सरकार बांधून देई. लाईनमध्ये शिपायाने आपली झोपडी आपण बांधायची, त्यासाठी थोडा भत्ता मिळे. कुटुंबासह राहणारा, आपलं आपण रांधून खाणारा शिपाई त्या ओळीत राहायचा. आपण आजही पोलीस लाईन म्हणतो, 'आम्ही लाईनीत वाढलो' असं पोलिसांची मुलं अभिमानाने सांगतात. त्या शब्दामागे ही दोन वस्त्यांमधली रेघ आहे.

सरकारने बांधून दिलेली ही बराक गोऱ्या सोल्जराला मात्र फळली नाही, तिने त्याला मारलं. ठेंगणं छप्पर, जमिनीलगतची ओल, उन्हाच्या भीतीने घट्ट मिटलेली दारं आणि आत दाटीवाटीने लावलेल्या खाटा. १८४३ मध्ये सिंध जिंकून घेणारा चार्ल्स नेपियर पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला, तेव्हा बराकी उंच आणि मोकळ्या बांधा म्हणून तो सरकारशी भांडला. कराचीत त्याच्या नावाच्या नेपियर बराकी उभ्या राहिल्या. सिंधचं हे नाव लक्षात असू द्यावं, पुढे त्याच्याशी काम आहे.

बराकीला खऱ्या अर्थाने बदललं ते एका अहवालाने. १८५७ नंतर गोऱ्या फौजेची संख्या वाढली आणि तिच्या मृत्यूंचा हिशेब लंडनला टोचू लागला. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. आकडा असा निघाला की हिंदुस्थानातल्या दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मरत होते. लढाईत नव्हे, तापाने, हगवणीने, पटकीने, यकृताच्या आजाराने. या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. तिने हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकलं नाही, पण इथल्या लष्करी ठाण्यांकडून आलेल्या माहितीचे गठ्ठे तिने लंडनमध्ये बसून वाचले, आणि पाणी, गटार, गर्दी व कोंडलेली हवा यांवर बोट ठेवलं. पुढच्या दशकात हा आकडा बराच खाली उतरला.

त्यानंतरची बराक वेगळी आहे. जोतं उंच, दोन्ही अंगांना रुंद व्हरांडा, समोरासमोर दारं-खिडक्या आणि आढ्यावर गरम हवा निघून जायला वाट. पुण्याच्या कॅम्पात किंवा देवळालीत अशी जुनी इमारत दिसली तर तिच्या आढ्याकडे नक्की पाहा, छपरावर एक लहानसं दुसरं छप्पर बसवलेलं दिसतं. माझे मामा नाइटिंगेलचं नाव ऐकून नव्हते. पण वारं कोंडलं की माल जातो, हा तिचा आणि त्यांचा सिद्धान्त एकच होता, आणि त्यातून दोघांनी काढलेली इमारतही एकसारखीच: जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी मोकळी, वर उतरतं छप्पर.

देवळालीचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या तळावर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत थांबायचे. बोटी फक्त हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. हंगाम हुकला तर महिनोन् महिने त्या बराकींत काम नाही, धाम नाही. ऊन, दारू, ताप आणि रिकामपण यांनी माणसं भ्रमिष्ट व्हायची. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. नाशिक जिल्ह्यातलं एक गाव इंग्रजी शब्दकोशात गेलं ते अशा रीतीने.

विसाव्या शतकातल्या दोन महायुद्धांनी बराकीची घाई केली. आता ती वर्षांत नव्हे, तासांत उभी राहायला हवी होती. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या पीटर निसेन नावाच्या खाण अभियंत्याने पन्हळी पत्रा अर्धगोलात वाकवून झोपडी केली. अख्खी झोपडी एका लष्करी लॉरीत मावायची आणि सहा माणसं ती चार तासांत उभी करायची. १९४१ मध्ये अमेरिकनांनी त्याच कल्पनेवर आपली क्वॉन्सेट हट काढली आणि ती दीड लाखाच्या आसपास बनवली. युद्ध संपल्यावर या पत्र्याच्या अर्धगोलांचं काय करायचं हा प्रश्न जगभर पडला. लॉस एंजेलिसमध्ये घरं न मिळणाऱ्या माजी सैनिकांसाठी १९४६ मध्ये एका उद्यानात ७५० क्वॉन्सेट हट उभारल्या आणि मधे आडभिंत घालून प्रत्येकीत दोन कुटुंबं ठेवली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर इटालियन युद्धकैद्यांनी दोन निसेन झोपड्या टोकाला टोक जोडून त्यांचं चर्च केलं. डोमेनिको किओकेत्ती या कैद्याने आतून लावलेल्या प्लास्टरबोर्डवर विटांचं आणि कोरीव दगडाचं चित्र इतकं हुबेहूब रंगवलं की भिंतीला हात लावल्याशिवाय खोटं कळत नाही. सुटकेची वेळ आली तेव्हा काम पुरं करायला तो मागे थांबला. त्या छावणीतल्या बाकीच्या झोपड्या गेल्या, चर्च उभं आहे.

आपल्याकडे पत्र्याच्या अर्धगोलापेक्षा जुनी लांबट बराकच युद्धकाळात घाईघाईने बांधली गेली, आणि तिची सगळ्यात मोठी रास पडली कल्याणजवळ. जागा विचार करूनच निवडलेली. मुंबई बंदरातून निघालेली आगगाडी कल्याणला फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. उशाला उल्हास नदीचं पाणी. बोटीतून उतरलेलं सैन्य इथे काही दिवस ठेवायचं आणि मग पूर्वेच्या आघाडीकडे रवाना करायचं. या कल्याण कॅम्पात दोन हजारांवर बराकी उठल्या. बहुतेकींचा नकाशा एकच. मधे एक लांब मोठं दालन आणि दोन्ही टोकांना छोट्या खोल्या. आत काहीच नाही. बराकीच्या पोटात काही नसतं हेच तिचं मर्म आहे. तीस-चाळीस खाटा मावतील एवढा मोकळा पट्टा आणि डोक्यावर छप्पर. खाटा काढल्या की ती कुणाचीच नाही. युद्ध संपलं, सैन्य गेलं, आणि तो सगळा कॅम्प ओस पडला.

मग फाळणी झाली. सिंधमधून हिंदूंचं स्थलांतर सुरू झालंच होतं, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि लोंढा वाढला. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने कल्याण. जवळजवळ लाखभर माणसं या बराकींत येऊन पडली. ज्या सिंधवर नेपियरने राज्य केलं, त्या सिंधची माणसं इंग्रजांनी टाकून दिलेल्या बराकीत राहायला आली. हैदराबाद-शिकारपूरकडे ज्यांचे वाडे होते, ज्यांच्या घरांच्या छपरांवर वारा पकडणारे उंच झरोके होते, त्यांच्या वाट्याला दालनातल्या दोन खाटांची जागा आली.

या कल्याण कॅम्पाचंच पुढे उल्हासनगर झालं. माझ्या एका सिंधी मित्राच्या आजी, अम्मा, अलीकडेपर्यंत तिथल्या चार नंबर कॅम्पात राहत होत्या. घर म्हणजे मूळ बराकीचा एक तुकडा, पुढे वाढवलेला, वर माळा चढवलेला. बाहेरून बराक ओळखू येत नव्हती. पण मधल्या खोलीत एका बाजूची भिंत दुसऱ्या भिंतींच्या दुप्पट जाड होती, आणि त्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर एक लोखंडी कडी होती. रंगाचे इतके थर चढलेले की ती भिंतीचाच फोड वाटावी. अम्मांनी त्या कडीवर बोट ठेवून सांगितलं, "हे गोऱ्यांचं. याला सुतळी बांधली होती. इथून तिकडे. सुतळीवर टाट. टाटच्या या बाजूला आम्ही अकरा जण, त्या बाजूला लाडकाण्याचं एक घर." टाट म्हणजे गोणपाट. दालनातली अशी वीसेक कुटुंबं एकमेकांची कूस बदललेली ऐकत झोपायची. नवं लग्न झालेल्या जोडप्याला एक रात्र एकांत मिळावा म्हणून टोकाची खोली पाळीपाळीने मोकळी केली जायची, असं अम्मा सांगत होत्या आणि सांगताना मराठी सोडून सिंधीत शिरत होत्या.

गोणपाटाची साडी झाली, साडीचे पत्र्याच्या ट्रंकांचे थर झाले, ट्रंकांच्या जागी चटई-बांबू आला, मग अर्धी भिंत, मग पूर्ण भिंत. बराकीचा इतिहास मला तरी या आडोशांच्या क्रमात दिसतो. बाहेरची भिंत सैन्याची, आतल्या भिंती एकेका कुटुंबाने कमावलेल्या. व्हरांड्यात चुली पेटल्या, तिथेच बायका पापड लाटायला बसल्या आणि पुरुष नि पोरं ते पापड, बिस्किटं, गोळ्या घेऊन लोकलमध्ये विकायला निघाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीच्या नावावरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. १९५४ मध्ये निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला, त्याखाली राहत्या जागा राहणाऱ्यांच्या नावावर होऊ लागल्या. सनद हा तिथल्या घराघरातला सगळ्यात मोलाचा कागद. आज साधारण १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात पाच लाखांवर माणसं राहतात. फर्निचर, कपडा, जीन्स असे धंदे तिथे वाढले. आणि पत्त्यात अजूनही लिहिलं जातं: बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, कॅम्प नंबर चार. पोस्टमनला हा पत्ता समजतो.

बराकीवर माळा, माळ्यावर स्लॅब, आणि शेवटी बराक पाडून तिच्या जागी चार-पाच मजली इमारत, असं उल्हासनगर वर चढत गेलं. १९९० च्या दशकात यातल्या कित्येक इमारती निकृष्ट रेतीने आणि परवानगीविना उठल्या. २०२१ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि घरात बसलेली माणसं दगावली. युद्धापुरती म्हणून बांधलेली बराक ऐंशी वर्षं टिकली, आणि कायमची म्हणून बांधलेली इमारत पंचवीस-तीस वर्षांत खाली आली. या गोष्टीचा मला राग येतो. घाई दोन्ही वेळी होती. पण बराक बांधणाऱ्याला आपल्याच माणसांना त्या छपराखाली झोपवायचं होतं, आणि इमारत बांधणाऱ्याला फक्त विकायची होती.

कल्याणइतकीच मोठी, पण कमी लोकांना ठाऊक असलेली कहाणी कोल्हापूरजवळ वळिवड्याची आहे. तिथल्या बराकी मुळात सैनिकांसाठी नव्हत्या, पण साचा तोच. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. त्यांतून सुटलेली हजारो बायका-मुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं ते बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याहून कितीतरी मोठी वसाहत वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं पंचगंगेच्या काठच्या या गावी राहिली. लांब बराकी आणि त्यात एका ओळीत कुटुंबांच्या खोल्या. पण या बराकीत पहिल्यापासून कुटुंबं होती. चर्च, शाळा, दवाखाना, मुलांची स्काउट पथकं, नाटकं, सगळं तिथे चाललं. गोठलेल्या मुलखातून आलेली मुलं इथे आंबे खायला शिकली. युद्धानंतर ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती मराठी नाव घेऊन इथेच संसाराला लागली.

पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. सायबेरियातून आलेल्यांनी सोडलेल्या खोलीत सिंधमधून आलेल्यांनी चूल मांडली. त्या वसाहतीचं झालं गांधीनगर. आज सांगली-साताऱ्यापासून कोकणापर्यंत आणि खाली बेळगावपर्यंत लग्न ठरलं की माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. कापडाच्या गठ्ठ्यांनी तुडुंब भरलेल्या त्या गल्ल्यांत शालू निवडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की इथे एके काळी पोलिश भाषेत शाळा भरायची? कोल्हापूरने मात्र ही आठवण जपली. २०१९ मध्ये वळिवड्याला स्मारकस्तंभ उभा राहिला, आणि इथे लहानाचे मोठे झालेले काही पोलिश वृद्ध त्यासाठी पुन्हा आले. पोलंड सरकारच्या प्रतिनिधींनी गावाचे आभार मानले. जे काम पाच वर्षांच्या पोलिश मुक्कामासाठी झालं, ते पाऊणशे वर्षांच्या सिंधी मुक्कामासाठीही व्हायला हवं, असं मला वाटतं.

बराकीची एक शाखा तुरुंगात गेली, तिचाही उल्लेख करायला हवा. येरवडा काय, आर्थर रोड काय, एकट्याची ती कोठडी आणि अनेकांची ती बराक. बातम्यांत 'बारा नंबरच्या बराकीत ठेवलं' असं वाचलं की आपल्याला अर्थ विचारावा लागत नाही. सैनिक, निर्वासित, कैदी. स्वतःच्या मर्जीने जागा न निवडणाऱ्यांची ही इमारत. तिच्यात राहायला कुणी हौसेने आलं नाही. म्हणूनच तिचे फोटो दिवाणखान्यात लागत नाहीत, तिच्यावर कुणी फलक लावत नाही, आणि ती पाडली तर कुणी हळहळत नाही.

गेल्या वर्षी मामांच्या बराखीचं छप्पर बदललं. कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले. मामा आता थकलेत, ढिगात हात घालायचं काम मामेभाऊ करतो. त्याने पत्रा घालताना आढ्याशी वीतभर फट ठेवली आहे, वाफ निघून जायला.

अम्मांची खोली त्यांच्या माघारी विकली गेली. ती जाड भिंत आणि कडी आता नाही. बराकीत राहणाऱ्या प्रत्येकाला चांगलं, सुरक्षित, पक्कं घर मिळालंच पाहिजे, त्याच्या आड यायचा कुणालाही हक्क नाही. पण उल्हासनगर आणि गांधीनगरमध्ये ज्या थोड्या बराकींचा मूळ आकार अजून दिसतो, त्यांची मापं घेऊन, नकाशे आणि फोटो काढून ठेवणं हे एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या एका सत्राचं काम आहे. त्यातली एक बराक, आतल्या आडभिंतींसकट, महापालिकेने राखावी. आणि तुमच्या घरात जर कुणी बराकीत वाढलेलं असेल, मग ते कल्याणच्या असो, पिंपरीच्या, चेंबूरच्या की वळिवड्याच्या, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. बराकीचा नंबर विचारा, गोणपाट कुठून कुठे बांधलं होतं ते विचारा, पलीकडे कोण राहत होतं ते विचारा, आणि लिहून ठेवा.